उचललं तरी खोटीच

"उचल," मालक म्हणाले.

टेबलावर स्टीलचं ताट होतं. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. त्या पिवळ्या हळदीला हात लावून बोललेलं खोटं घराण्याला लागतं, हे मी चालायला लागल्यापासून ऐकत आले. समोर सहा बाप्ये. मालक खुर्चीत, बाकीचे उभे. त्यातच तात्या उभा होता, आमचा मॅनेजर, ज्याच्याविरुद्ध मी तोंड उघडलं होतं. दाराशी आमच्या लाइनीची सुपरवायझर शोभाकाकू. ताट तिनंच आणून ठेवलेलं.

"खरं बोलत असशील तर घाबरायचं कशाला? बेलभंडार उचल आणि सांग, तात्यांनी माझ्या अंगाला हात लावला. विषय संपला."

मी हात पुढे केला नाही.

मला पाळी आली होती. दुसरा दिवस. आमच्यात त्या दिवसांत बाई भंडाऱ्याला शिवत नाही. शिवली तर काय होतं ते कुणी सांगितलेलं नाही, पण कुणी शिवतही नाही. मी शिवणार नव्हते. आणि सहा बाप्यांसमोर हे सांगणारही नव्हते. कमरेत कळ येत होती, पाय एकमेकांना घट्ट लावून मी उभी होते आणि घाम पाठीवरून खाली चालला होता.

मी काकूकडे बघितलं. तिला माहीत होतं. कारखान्यातल्या खंडोबाच्या फोटोला रोज एक बाई हार घालते. त्या दिवशी माझा वार होता, आणि सकाळीच मी हार काकूच्या हातात देऊन सांगितलं होतं, "काकू, मी बाहेरची हाय, तुमी घाला." आता काकूनं मान खाली घातली. फरशीवर काहीतरी सांडल्यासारखं ती खाली बघत राहिली.

"बघा," तात्या म्हणाला. एवढंच. मग त्यानं चपला काढल्या, पुढे आला, बेलाची पानं आणि मूठभर भंडारा उचलला, कपाळाला लावला. "मल्हारीची आण घेतो. ह्या बाईला मी भन मानतो."

मग हात झटकून त्यानं चपला पायांत सरकवल्या.

"मिटलं की मग," कटिंग मास्तर म्हणाला. मालकांनी मला मशीनवर जायला सांगितलं. मी गेले. शर्टांना खिसे लावले. डोळ्यांतून पाणी आलं नाही, त्याचाही पुढे माझ्याविरुद्ध पुरावा झाला.

आमचा कारखाना शाळेच्या गणवेशांचा. चाळीसेक बाया. काही मंद्रूपकडून सकाळच्या गाडीनं येणाऱ्या, काही शहरातल्या पूर्व भागातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. मी सांगोल्याकडची. वडिलांनी मेंढरं विकली आणि आम्ही सोलापुरात आलो तेव्हा मी सातवीत होते. मेंढरं गेली, देव बरोबर आला.

मालक शिकलेले. त्यांच्या घरी खंडोबा नाही, भंडारा नाही. पण कारखान्यात काही हरवलं की ताट निघायचं. रिळं गेली, ताट. कात्री गेली, ताट. एकदा संडासाचा नवाकोरा नळ कुणीतरी काढून नेला, तेव्हाही ताट निघालं होतं. सगळ्यांनी ओळीनं उचललं. नळ काही मिळाला नाही. म्हणजे त्या ओळीत कुणीतरी भंडारा हातात घेऊन खोटं बोललं होतं आणि त्याचं काहीएक वाकडं झालं नव्हतं. इतकी साधी गोष्ट. पण तेव्हा माझ्या डोक्यात ती आली नाही. मी भाविक होते. आणि भाविक माणसाला हिशेब नको असतो.

मालकांना ती पद्धत बरी पडत होती. "पोलीस, कायदा कशाला? आपलं घर आहे हे. देवासमोर मिटवू," म्हणायचे. आमचा देव त्यांना तेवढ्यापुरता लागायचा.

आता घडलं ते सांगते. एकदाच सांगते.

गोडाऊनमध्ये मी खाकीचा तागा काढायला गेले होते. तात्यानंच पाठवलं होतं. तो मागून आला, दार लोटलं आणि मला रॅकवर दाबलं. एक हात तोंडाजवळ आणला पण तोंड दाबलं नाही. दाबायची गरज पडली नाही. मी ओरडलेच नाही. दुसरा हात त्यानं ब्लाउजमध्ये घातला. मी ताग्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. का ओरडली नाहीस, हे मला नंतर एवढ्या लोकांनी विचारलं की मीही स्वतःला विचारायला लागले. उत्तर एवढंच आहे की आवाज आला नाही. आजही सांगते, आवाज आला नाही. बाहेर चाळीस मशीनं चालू होती, आवाज आला असता तरी कुणाच्या कानावर गेला असता ते देव जाणे.

तो गेला. मी पदर नीट केला. तागा घेऊन बाहेर आले आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. रोजच्यापेक्षा जास्तच केलं. हात थांबवले की अंगावर काटा यायचा, म्हणून थांबवले नाहीत.

चार दिवसांनी मी मालकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दिवशी तू पूर्ण वेळ काम केलंस ना?"

"केलं."

"मग?"

आणि मग ताट निघालं.

घरी गेले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. रिक्षा चालवतो, पीत नाही, अंगावर हात टाकत नाही. जेवणाचं ताट बाजूला सारून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पण तू उचललं का न्हाईस?"

"मी बाहेरची हाय."

"मग तसं सांगायचं की."

"सहा बाप्यांत?"

त्यानं जेवण परत पुढं ओढलं. मला वाटलं, समजलं ह्याला. एक घास खाऊन म्हणाला, "पण तात्यांनी तर उचलला. भंडाऱ्यावर माणूस खोटं बोलतोय व्हय गं?"

ह्या माणसानं माझ्यावर संशय घेतला नाही. त्यानं फक्त देवावर विश्वास ठेवला. आणि त्या विश्वासात मी आपोआप खोटी ठरले. त्या दिवशी मला नवऱ्याचा राग आला नाही. लाज वाटली. अंगाची, तोंडाची, त्या पाळीची, सगळ्याची लाज. तात्यानं केलं आणि लाज मला वाटत होती, आणि त्यात मला काही चुकीचंही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाया गोल करून बसल्या. माझ्यासाठी जागा झाली नाही. मी पाण्याच्या टाकीजवळ बसून कडक भाकरी चावत होते. त्यांचं बोलणं मला ऐकू जावं एवढ्या बेतानं चाललं होतं.

"गोडाऊनला एकली कशाला गेली पण?"

"रडली तरी का? खिसे लावत बसली की."

"पद्मानं तरी उचललं होतं. हिनं हातच लावला न्हाय."

"पद्माचं सोड गं. तिचा देव येगळा. तिला भंडाऱ्याची काय भीती?"

मी चावायची थांबले. कारण ते शेवटचं वाक्य माझं होतं. शब्दाला शब्द माझं. दोन वर्षांपूर्वी त्याच ऑफिसात, त्याच टेबलासमोर मी ते बोलले होते.

पद्मा माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. पूर्व भागातली. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच बोलणं. मोठ्यानं हसायची. केसांत रोज गजरा. तात्याशीही हसून बोलायची, कारण ती सगळ्यांशीच हसून बोलायची. एकदा पाऊस आला म्हणून त्याच्या मोटारसायकलवर बसून चौकापर्यंत गेली होती. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि कुणी विसरलो नव्हतो.

एक दिवस ती ऑफिसात गेली आणि म्हणाली, तात्यानं गोडाऊनमध्ये मला धरलं. ताट निघालं. तिनं उचललं. सरळ. डोळ्याला डोळा देऊन. तात्यानंही उचललं. आता दोघांनी उचललं म्हटल्यावर मालकांची अडचण झाली. त्यांनी मला बोलावलं.

"बस," म्हणाले.

त्या ऑफिसात बायांना कुणी बस म्हणत नसे. मी खुर्चीत बसले. पद्मा उभी होती. मालक म्हणाले, "तू शहाणी बाई आहेस. हिच्या शेजारी बसतेस. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. आईबापांनी नाही, नवऱ्यानं नाही, शाळेत गुरुजींनी नाही. मी पदर सावरला आणि म्हणाले, "ती तात्यांशी हसून बोलती. गाडीवर बी बसली होती." मालकांनी मान हलवली. मला अजून काहीतरी द्यावंसं वाटलं. मग मी म्हणाले, "आन उचललं त्याचं काय मालक, तिचा देव येगळा. तिला भंडाऱ्याची काय भीती?"

पद्मानं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. तिचं खिडकीजवळचं मशीन मला मिळालं. त्या मशीनवर उजेड चांगला होता, वारा यायचा. मी दोन वर्षं त्या वाऱ्यात बसले.

मी असं का बोलले, ह्याचा मी खूप विचार केलाय. मालकांना खूश करायचं होतं, हे तर झालंच. पण त्याच्याखाली अजून एक गोष्ट होती. पद्माची चूक असली की मी सुखरूप होते. ती हसते, मी हसत नाही. ती गजरा घालते, मी घालत नाही. ती गाडीवर बसते, मी चालत जाते. म्हणजे मला काही होणार नाही. पद्मावर विश्वास ठेवला असता, तर मला रोज त्या गोडाऊनला जाताना भीती वाटली असती. ती भीती नको म्हणून मी तिला विकून टाकलं.

टाकीजवळ बसून मी हे सगळं एका दमात बघितलं. उचललं ती खोटी. उचललं नाही ती पण खोटी. हसली ती खोटी, मान खाली घालून राहिली ती खोटी. गाडीवर बसली ती, आणि चालत गेली ती. मग खरी बाई कशी असते? तिनं काय करायचं असतं? आम्हा दोघींमध्ये एक तरी खरी ठरायला पाहिजे होती, पण त्या ताटात दोघींसाठी एकच उत्तर ठेवलेलं होतं. तात्यासाठीसुद्धा एकच होतं, तो खरा. आणि ते उत्तर तिथं ठेवणाऱ्या हातांत माझा हात होता.

मी डबा झाकला. मशीनचं बटण बंद केलं. काकूनं विचारलं, "कुटं निगालीस?" मी म्हणाले, "काकू, तुमाला म्हाईत होतं."

तिनं इकडंतिकडं बघितलं. "माजी पोरगी हितं लागायची हाय गं. म्हालकांनी शब्द दिलाय."

"त्याच्याच हाताखाली?"

काकू मशीनवरचे सुताचे तुकडे वेचायला लागली. मी तिला नावं ठेवत नाही. मी एका खुर्चीवर विकले गेले होते, तिच्यापुढं तर पोरीच्या पोटाचा प्रश्न होता. पण मी तिला हे तोंडावर विचारलं, आणि ते बरं झालं.

पद्माचं घर शोधायला वेळ लागला. पूर्व भागात गल्ल्या सारख्याच, आणि यंत्रमागांचा खडखडाट एवढा की पत्ता विचारायलाही ओरडावं लागतं. ती दारात बसून विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात पानं. मला बघून तिचे हात थांबले नाहीत. गजरा नव्हता. हे मला सगळ्यात आधी दिसलं.

"काय गं?" म्हणाली.

मी उभ्या उभ्या सांगितलं. गोडाऊन, ताट, पाळी, सगळं. आत तिची सासू होती, तिलाही ऐकू जात असणार. पद्मानं पूर्ण ऐकून घेतलं, एक विडी बांधून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "आता माज्याकडं कशाला आलीस?"

"माफी मागाय."

"कशाची?"

"मी बोलले होते त्याची."

"काय बोललीस ते बोल."

मला वाटलं नव्हतं, ती असं म्हणेल. मी म्हणाले, "तुला ठावं हाय की."

"मला ठावं हाय. तू बोल."

मी बोलले. तिच्या दारात, तिच्या सासूला ऐकू जाईल असं. तिचा देव येगळा, तिला भंडाऱ्याची काय भीती. ऑफिसात हे वाक्य किती सहज आलं होतं. इथं एकेक शब्द ओढून काढावा लागला.

पद्मा उठली. माझा हात धरून मला आत नेलं. भिंतीवर देवांच्या रांगेत एक फोटो होता. घोड्यावर बसलेला नाही, पण मिशीवाला, हातात त्रिशूळ, आणि फोटोच्या काचेवर पिवळा भंडारा लावलेला. खाली वाटीतही भंडारा.

"ह्यो मल्लण्णा. माज्या म्हायेरचा देव. लगीन झालं तवा हितं घेऊन आले," ती म्हणाली. "तुमी मल्हारी म्हणता, आमी मल्लण्णा. ह्याला बी भंडाराच लागतो. त्या दिवशी ताटाला हात लावला तवा मला रात्रभर ताप होता. खरं बोलून बी. इतकी भीती वाटली होती मला."

कितीतरी दिवस मी तिच्या शेजारी बसले होते. तिच्या डब्यातलं खाल्लं होतं. तिच्या घरी कुठला देव आहे, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. न विचारता मी निकाल दिला होता. मी तिथंच खाली बसले. आणि मग हेही डोक्यात आलं की समजा तिचा देव खरंच वेगळा असता, समजा तिला कुठलाच देव नसता, तरी त्यानं गोडाऊनमधली गोष्ट कशी बदलली असती? माझ्या छातीवरचा हात खरा आहे, हे सांगायला मला देव जामीन का लागावा? तात्याला तर नुसतं हात वर करून 'मी केलं नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. ताट आमच्यासाठी होतं.

"मी पोलिसांकडं चाललेय," मी म्हणाले. "तू येशील का? तुजी बी तक्रार लिवू."

सासू तेलुगूत काहीतरी म्हणाली, पद्मानं तिला तेलुगूतच उत्तर दिलं. मग मला म्हणाली, "येते. पण एक ध्यानात ठेव. मी तुला माफ केलं न्हाय."

"व्हय," मी म्हणाले. मला तेच बरोबर वाटलं.

ठाण्यात महिला हवालदार होत्या. त्यांनी आम्हा दोघींचं वेगवेगळं लिहून घेतलं. मध्ये एकदा त्यांनीही विचारलं, ओरडला का नाहीत. मी म्हणाले, "बाई, आवाज आला न्हाय. तसंच लिवा." त्यांनी तसंच लिहिलं.

तिथून पुढं जे व्हायचं ते झालं. आम्हाला कामावरून सांगितलं गेलं, येऊ नका. दोघी मिळून भल्या माणसाला गोवतात, असं बोललं गेलं. भावकीतले दोघे घरी येऊन नवऱ्याला समजावून गेले. नवरा त्यांच्यासमोर माझ्या बाजूनं बोलला नाही, पण त्यांच्याही बाजूनं बोलला नाही. ते गेल्यावर म्हणाला, "तुला पटतंय ते कर." मी ह्याला आधार म्हणणार नाही. पण त्यानं वाट अडवली नाही.

आता साक्षी व्हायच्या आहेत. एका ओळखीतून एक वकील भेटले. त्यांनी कागद वाचले आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, "ताई, तुम्ही दोन वर्षांपूर्वी पद्माच्या विरोधात बोलला होतात, ते तुम्ही स्वतःहून कशाला काढता? तात्याचा वकील तुम्हाला सोलून काढेल. तुमची स्वतःची केस हलकी पडेल. कुणी विचारलं तर आठवत नाही म्हणा."

आठवत नाही. दोनच सोपे शब्द. ते शब्द बोलले की माझं खरं खरं राहील, आणि पद्माचं पुन्हा एकदा खोटं पडेल, कारण तिच्याविरुद्ध त्या ऑफिसात जे ठरलं ते माझ्या तोंडानं ठरलं होतं. ते माझ्याशिवाय कुणी पुसू शकत नाही. मालक पुसणार नाहीत. काकू पुसणार नाही.

मी वकिलांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी पुन्हा समजावलं. मी पुन्हा नाही म्हटलं. ते म्हणाले, तुमची मर्जी, पण तुम्ही हराल.

हरेन कदाचित. मला ठाऊक आहे कोर्टात काय होणार. तात्याचा वकील उभा राहील आणि विचारेल, बाई, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता खोटं बोलताय? सगळे माझ्याकडे बघतील. तात्या बघेल. लाज वाटेल, आत्ता लिहिताना वाटतेय त्याहून जास्त वाटेल. पण ह्या वेळी ती माझ्याच केलेल्याची असेल, दुसऱ्यानं माझ्यावर टाकलेली नसेल.

मी सांगणार, 'तेव्हा.' तेव्हा मी खोटं बोलले. पद्मा खरं बोलत होती आणि मला ते तिच्याकडे बघून कळायला हवं होतं. आणि हे आधी लिहून घ्या साहेब, माझं काय झालं ते त्यानंतर लिहा.